नेरच्या घरात समुद्र

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याच्या सजावटीचे काय काढले, असे वाचकांना वाटेल. दारात आकाशकंदील लागलेला, फराळाचे डबे भरलेले, आणि मी सांगत बसणार माठ, वाळा आणि शिंपले! पण त्याला कारण आहे. आपल्याकडची कुटुंबे कोकणात जातात ती बहुधा दिवाळीच्या सुटीत. पावसाने झोडपलेले किनारे तोवर निवळलेले असतात, मुले वाळूत लोळतात आणि परतताना प्रत्येकाच्या खिशात, पिशवीत, रुमालाच्या गाठीत शंखशिंपले असतात. ते गोळा होतात कार्तिकात आणि घराला त्यांची गरज भासते चैत्रात. मधल्या चार-पाच महिन्यांत ती पिशवी पलंगाखाली जाते, तिला वास सुटतो आणि एके दिवशी केरवाल्याच्या गाडीत तिचा शेवट होतो. तसे होऊ नये म्हणून आत्ताच लिहिते.

आमचे गाव नेर. जुने लोक नेर परसोपंत म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण, अमरावतीहून यवतमाळला जाणाऱ्या एस. टी.च्या वाटेवरचे. नकाशा उघडून पाहिलात तर इथून समुद्र कुठल्याही बाजूला सरळ रेषेत पाचशे किलोमीटरांच्या आत नाही. पश्चिमेचाही लांब आणि पूर्वेचाही लांब. मी मूळची मालवणची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्यांच्या घडीखाली एक पुठ्ठ्याचे खोके होते आणि त्यात बालपणापासून जमवलेले शंखशिंपले. सासूबाईंनी झाकण उघडून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे काय हाडकं आणले वं घरात?" मला काय उत्तर द्यावे ते सुचेना. उत्तर यजमानांनी दिले. ते म्हणाले, "मंग आई, आपल्या देव्हाऱ्यातला शंख काय हाय?" सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण खोके ओसरीवरून उचलून त्यांनी स्वतःच आतल्या फळीवर ठेवले. तेवढ्याने माझे काम झाले.

वऱ्हाडचा उन्हाळा ज्यांनी काढला नाही त्यांना तो सांगून कळत नाही. पारा पंचेचाळीसच्या वर जातो. नवतपा लागला की दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. कुलरच्या ताट्या बदललेल्या, खिडक्यांना जाड पडदे, माठाला ओले फडके, आणि घरातली सारी माणसे अंधाऱ्या खोलीत जमिनीवर आडवी. मालवणातला उन्हाळा घामाचा असतो, इथला कोरडा. माझ्या माहेरी ओल्या कपड्यांना वाळायला वेळ लागे, इथे ते दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतात. पहिल्या वर्षी मला वाटले होते की आपण इथे टिकत नाही. अशा वेळी घर थंड ठेवण्याच्या दोन तऱ्हा असतात. एक अंगाला थंड वाटण्याची आणि दुसरी डोळ्यांना. शिंपल्यांनी तापमान एका अंशानेही उतरत नाही हे मी आधीच कबूल करते. पण दुपारी दोनला डोळे उघडल्यावर समोर काय दिसते, याला तापलेल्या घरात फार मोल आहे.

आता सजावट म्हणजे काय करू नये, ते प्रथम सांगते. पुष्कळ घरी दर्शनी कपाटात शिंपल्यांचा गणपती, शिंपल्यांचे घड्याळ, शिंपल्यांच्या चौकटीत लावलेला लग्नातला फोटो आणि रंगवलेल्या शंखांचे मोर दिसतात. समुद्रकाठच्या दुकानांतून हा माल येतो. करणाऱ्याची मेहनत असते यात शंका नाही, पण त्यात शिंपला शिंपला राहत नाही, त्याचा मोर होतो. शिवाय कोपरान्‌कोपरा असा की धूळ बसली म्हणजे आंघोळ घालावी तर डिंक सुटतो. भिंत निळी रंगवून तिच्यावर मासे आणि नांगर काढणारेही पाहिले आहेत. घरात समुद्र आणायचा म्हणजे समुद्राचे नाटक उभे करायचे नव्हे. आमच्या बैठकीत उन्हाळ्यात सगळ्या मिळून सात-आठ वस्तू असतात, आणि आलेला पाहुणा दारातून आत येऊन पाणी पिऊन टेकल्यावर त्याला त्या एकेक करून दिसतात.

पण खोके उघडायच्या आधी मला एक गोष्ट ध्यानात आली. समुद्र या घरात माझ्या आधी पुष्कळ वर्षे येऊन राहिलेला होता, फक्त त्याला कोणी त्या नावाने ओळखत नव्हते. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या गळ्यात घालायच्या कवड्यांच्या माळा कोठीच्या खुंटीवर टांगलेल्या होत्या. सारीपाटाच्या डब्यात फाशांऐवजी कवड्या होत्या. माहूरची रेणुका किंवा तुळजापूरची भवानी ज्यांची कुलस्वामिनी आहे त्यांच्या घरी परडी असते आणि कवड्यांची माळ असते, तशी आमच्याही देवघरात होती. आणि भाषेत तर विचारूच नका. कंजूष माणूस कवडीचुंबक, भाव पडला की माल कवडीमोल, हट्टाला पेटलेला भाऊ वाटणीत फुटकी कवडी देत नाही, आणि घट्ट लागलेले दही कवडीसारखे. ज्या गावाने समुद्र पाहिलेला नाही त्या गावाच्या तोंडात दिवसातून चार वेळा समुद्रातला जीव येतो, याची मला मोठी मौज वाटली.

ही कवडी आपल्या किनाऱ्याचीही नव्हे. व्यवहारात चालत आलेली लहान पिवळट कवडी मुख्यतः मालदीव बेटांतली. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी तिथे राहिला होता. त्याने लिहून ठेवले आहे की तिथले लोक समुद्रातून हे जीव काढून किनाऱ्यावरच्या खड्ड्यांत ठेवतात आणि आतले मांस नाहीसे झाले की पांढरे कवच उरते. गलबतांतून ती बंगालपर्यंत आणि पुढे आफ्रिकेपर्यंत गेली. किती तरी शतके लोकांनी तिच्यावर भाजीपाला घेतला. आणि मग पाठीवर गोणी लादलेल्या बैलांच्या तांड्यांबरोबर ती देशाच्या पोटात शिरली.

तांडे म्हटले की यवतमाळ जिल्ह्यात बंजारा समाजाची आठवण होणारच. १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक याच समाजाचे आणि याच जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. रेल्वे येण्यापूर्वी धान्य आणि मीठ देशभर पोचवण्याचे काम या लोकांनी केले. लमाण हा शब्दच लवण म्हणजे मीठ यावरून आला असे मानतात. मीठही समुद्राचे आणि कवडीही समुद्राची. बंजारा स्त्रियांच्या कांचळीवर, झोळीवर, डोक्यावरच्या घागरीखाली ठेवायच्या चुंबळीवर आजही कवड्या दिसतात. लाल, पिवळ्या कापडावर जाड दोऱ्याचा टाका, मध्ये आरसा आणि कडेने कवड्यांची रांग. कवडीची पाठ घासून सपाट केलेली असते, म्हणून ती कापडावर नीट बसते आणि दोरा आतून फिरतो.

जवळच्या तांड्यावरची एक म्हातारी बाजाराच्या दिवशी आमच्या ओसरीवर पाणी प्यायला थांबत असे. माझे खोके उघडे होते तेव्हा तिची नजर त्यावर गेली. बराच वेळ एक मोठी ठिपक्यांची कवडी हातात घेऊन ती उलटीसुलटी करत राहिली. लहान कवड्यांत तिचे आयुष्य गेले होते, एवढी मोठी तिने पाहिलेली नव्हती. मी तिच्याकडून उंबऱ्यावर लावायला एक तोरण करून घेतले. दाराच्या रुंदीचा लाल पट्टा, खाली कवड्यांचे झुबके. पैसे तिने सांगितले तेवढे दिले, घासाघीस केली नाही. इथे मला वाचकांना एक सांगावेसे वाटते. शहरांतून हल्ली जुन्या बंजारा भरतकामाला मोठी मागणी आहे. व्यापारी तांड्यांवर येऊन आजीने लग्नात घातलेली कांचळी थोड्या पैशांत घेऊन जातात आणि तिचे तुकडे करून उशांना लावतात. असले जुने कापड विकत घेऊन आपल्या सोफ्यावर टाकू नका. नवे करून घ्या. करणारे हात अजून आहेत, आणि काम मिळाले तर ते मुलीसुनांपर्यंत पोचतील.

देवघरातल्या शंखाचेही असेच. पुष्कळांची समजूत असते की तो कोकणच्या किनाऱ्यावर सापडतो. पूजेचा जाड, पांढरा शंख मुख्यतः येतो तो दक्षिणेकडचा, मन्नारच्या आखातातला, तुतिकोरिन आणि रामेश्वराच्या बाजूचा. पाणबुडे तो तळावरून काढतात. बंगाली सुवासिनींच्या हातातल्या शंखाच्या बांगड्याही याच जातीच्या. शंख घेताना एका गोष्टीला मात्र जपा. दक्षिणावर्ती शंख घरात असला की लक्ष्मी येते म्हणून तो हजारो रुपयांना विकतात. खरा दक्षिणावर्ती म्हणजे नेहमीच्या शंखाच्या उलट वळणाचा. तो लाखांत एखादा निघतो, असे म्हणण्याइतका दुर्मिळ असतो. पण अमेरिकेच्या किनाऱ्यावर एक वेगळ्याच जातीचा शंख आहे, त्याचे वळण जन्मतःच उलटे असते आणि तो तिकडे ढिगाने मिळतो. तोच पॉलिश करून आपल्याकडे दक्षिणावर्ती म्हणून खपवतात. ओळखायची खूण सोपी आहे. शंखाच्या तोंडात, मधल्या खांबावर बोट फिरवा. आपल्या पूजेच्या शंखाला तिथे तीन-चार ठसठशीत वळ्या हाताला लागतात. त्या परक्या शंखाला नसतात. आमच्या शेजारच्या एका घरी ही बोटाची परीक्षा केली तेव्हा लक्ष्मी आलेली नसून गेलेली होती असे कळले. तो शंखही दिसायला सुरेख होता, म्हणून मी त्यांना सांगितले की देवघरातून काढलात तर फेकू नका, माठाशेजारी ठेवा.

आता खोके उघडते. होळी झाली की मी जाड सतरंज्या, मखमली उशा आणि पितळी वस्तू आत टाकते. डोळ्यांना तापवणारे सारे आधी जायला हवे. बैठकीत दाराच्या सरळ रेषेत, जिथे वारा येतो तिथे, एक जुनी तांब्याची परात ठेवते. तिच्यात दोन बोटे पाणी, तळाशी धुतलेली नदीची वाळू, वर पाच-सहा पांढरे शिंपले आणि संध्याकाळी चार मोगऱ्याची फुले. बस्स. आमच्या कोरड्या हवेत उघड्या भांड्यातले पाणी झपाट्याने उडते आणि उडताना जवळची हवा किंचित गार करते, तेच जे माठ करतो. मालवणात हीच परात ठेवली तर काही उपयोग नाही, तिथली हवा आधीच पाण्याने जड. पाणी दर सकाळी बदलावे, नाहीतर डास होतात, आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते म्हणून ते मोरीत ओतू नये. आमच्याकडचे तुळशीला जाते, आणि थोडे परसदारच्या भिंतीवर चिमण्यांसाठी ठेवलेल्या मोठ्या शिंपल्यात.

ओसरीवर शिंपल्यांची झालर आहे. ती करायला आम्ही एकाही शिंपल्याला भोक पाडलेले नाही. किनाऱ्यावर लक्ष देऊन पाहिलेत तर काही शिंपल्यांना टोकाशी एक गोल, गुळगुळीत, जणू गिरमिटाने पाडलेले भोक असते. ते एका शिकारी गोगलगाईचे काम. ती शिंपल्याला मिठी घालून बसते, कवच थोडे थोडे विरघळवीत आणि खरवडीत आरपार जाते आणि आतला जीव खाऊन टाकते. ही हकीकत ऐकल्यापासून आमची मुले शिंपले वेचायची सोडून खुनाच्या खुणा वेचू लागली. असे चाळीस-पन्नास शिंपले जमले की पांढऱ्या सुती दोऱ्यात ओवावेत. कापूस आमच्या जिल्ह्यातला, शिंपले माहेरचे. झालर कुलरच्या झोतात मात्र लावू नका. आम्ही एका रात्री लावून पाहिली, आणि पहाटे तीन वाजता यजमानांनी काही न बोलता ती काढून बाहेर नेऊन ठेवली.

गोव्यात जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपले लावलेले आढळतात. एका जातीचा शिंपला जवळजवळ सपाट आणि अभ्रकासारखा अर्धपारदर्शक असतो. त्याचे चौकोन कापून लाकडी जाळीत बसवीत. काच महाग होती त्या काळातली ती युक्ती, पण तिच्यातून येणारा उजेड पाहिला की काच कशाला शोधली असे वाटते. ऊन आत येते ते दुधात भिजून. ऐन दुपारी अशा खिडकीखाली बसावे आणि पुस्तक वाचावे. मला आमच्या पश्चिमेच्या खिडकीला तसे करायचे होते, पण या जातीला आता कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणून मी त्या काचेवर आतून धुवट, विरळ मलमल ताणून बसवली. उजेड तसाच येतो असे नाही. पण डोळे दिपत नाहीत, आणि खिडकीच्या फळीवर ठेवलेल्या दोन शंखांच्या सावल्या दुपारभर मलमलीवर सरकत राहतात.

शिंपल्यांचा खरा थंडावा मात्र बैठकीत नाही, तो छतावर आहे. कोकणात पूर्वी शिंपले भट्टीत भाजून त्यांचा चुना करीत आणि घरे त्याने पांढरी करीत. शिंपला म्हणजे शेवटी चुनखडीच. नेरला भट्टी लावायची गरज नाही. आमच्याच जिल्ह्यात वणीजवळ राजूरला चुनखडी निघते आणि चुन्याच्या भट्ट्या आहेत. मार्च महिन्यात सिमेंटच्या किंवा पत्र्याच्या छतावर चुन्याचे दोन हात मारले म्हणजे ऊन परतवले जाते आणि खालच्या खोलीत फरक चांगला जाणवतो. हा खर्च पंख्यापेक्षाही कमी. आणि एक गंमत सांगते. वणीकडचा तो चुनखडीचा खडक शंभर कोटी वर्षांहून जुना, आणि तो तयार झाला समुद्राच्या तळाशी. तेव्हा शंखशिंपल्यांचे जीव जन्मालाही आलेले नव्हते. पाण्यातला चुना आपोआप थरावर थर बसत गेला. म्हणजे यवतमाळ जिल्ह्यावर एके काळी खरोखरीच समुद्र होता. आमच्या मुलाने हे शाळेत शिकून आल्यावर आजीला सांगितले. त्या म्हणाल्या, "मंग गेला कुठं? इतकं पाणी होतं तं थोडं ठेवाचं होतं!" मे महिना होता, आणि नळाला तीन दिवसांनी पाणी आले होते.

गोळा करण्याविषयी माझ्या आईचा एकच नियम होता. आम्ही मुले ओंजळ भरून आणली की ती एकेक शंख उलटा करून पाही. आत काही हलले की म्हणे, "जितो असा तो, सोड त्येका दर्यात." रिकामा दिसणारा शंखही पुष्कळदा रिकामा नसतो. शंखातला खेकडा स्वतःचे कवच बनवत नाही. तो मेलेल्या गोगलगाईच्या शंखात राहतो आणि वाढला की मोठे घर शोधतो. किनाऱ्यावरचे सगळे शंख आपण वेचून आणले तर तो राहणार कुठे? शिंपले झिजून वाळू होते, हेही खरे. म्हणून मुलांना आमच्याकडे मोजून प्रत्येकी दहा. त्यामुळे आणखी एक फायदा होतो, मुले निवडायला शिकतात. आमच्या ओळखीचे एक कुटुंब तारकर्लीहून पिशवीभर शंख घेऊन निघाले. त्यातले निम्मे जिवंत होते. मुंबई सुटेपर्यंत कोणाला काही कळले नाही. मनमाडपर्यंत डब्यातले सहप्रवासी एकमेकांकडे पाहू लागले होते आणि बडनेऱ्याला ते उतरले तेव्हा, त्यांच्याच शब्दांत, डब्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

दुकानातून घ्याल तर अधिक जपून घ्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत २००१ साली प्रवाळ आणि शंखशिंपल्यांच्या कित्येक जाती घातल्या गेल्या. पांढऱ्या फांदीसारखे दिसणारे पोवळ्याचे झाड, समुद्रपंखा, पट्ट्यांचा गोल नॉटिलस, मोठा शिंगांचा शिरस्त्राणासारखा शंख, हे विकणे आणि विकत घेणे गुन्हा आहे. तरी ते टेबलाखालून विकायला असतात. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ सालापासून अभयारण्य आहे, कारण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहे. किल्ल्याचे काम १६६४ साली सुरू झाले, प्रवाळ त्याच्या किती तरी आधीपासूनचे. त्याची एक फांदी वाढायला वर्षे लागतात आणि ती आपल्या कपाटात येऊन धूळ खाते, हे मला पटत नाही. कायदा नसता तरी पटले नसते.

आणलेले शिंपले धुण्याची रीत थोडक्यात. दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात ठेवावेत आणि रोज पाणी बदलावे, म्हणजे मीठ निघते. मीठ राहिले तर पावसाळ्यात ते ओल धरतात. मग जुन्या दातांच्या ब्रशने घासून सावलीत वाळवावेत. आमच्या उन्हात ठेवाल तर गुलाबी रंग आठवड्यात उडेल. तांब्याची भांडी घासतो त्या सवयीने चिंच किंवा लिंबू मात्र लावू नका, आंबट लागले की शिंपला झिजतो आणि त्याची झिलई कायमची जाते. शेवटी खोबरेल तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन पुसावे. मृग लागला की सगळे परत मलमलीत गुंडाळून हवेशीर फळीवर. बंद लाकडी कपाटात ओल असली की त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते.

एक शंख मात्र आत जात नाही. तो सासूबाईंच्या खाटेशेजारी असतो, मुठीएवढा, तपकिरी. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. तरुणपणी संसार, मग शेती, आणि आता गुडघे. आम्ही दरवर्षी म्हणतो की चला, त्या दरवर्षी म्हणतात, पुढच्या वर्षी. दुपारी झोप आली नाही की त्या शंख कानाला लावतात. आमच्या मुलाने त्यांना समजावले की हा आवाज समुद्राचा नाही. खोलीतलेच बारीक आवाज शंखाच्या पोकळीत शिरून घुमतात. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आपलंच घर बोलते काय?" आणि पुन्हा कानाला लावला.

गेल्या दिवाळीला माहेरी निघताना त्यांनी मला हाक मारून सांगितले की येताना एक बाटली खारे पाणी आण. मी आणले. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरून भरले आणि दोन रात्रींच्या प्रवासात मांडीवर सांभाळले. मे महिन्यात मुलांनी ते पाणी मोठ्या ताटात ओतून छतावर ठेवले. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते, असे त्यांच्या पुस्तकात होते, आणि ते खरे की खोटे हे त्यांना पाहायचे होते. आमच्या उन्हाने दुपार टळायच्या आत ताट कोरडे केले. कडेला आणि तळाला पांढरा चरचरीत थर राहिला. मुलांनी ते ताट आजीच्या खाटेपर्यंत नेले. त्यांनी बोटाला लागले तेवढे जिभेवर ठेवले आणि डोळे मिटून चव घेतली.

"इतकं मीठ तिथं फुकट पडलं हाय," त्या म्हणाल्या, "अन् तू हरेक महिन्याले पुडे इकत आणतं?"